सोलो दाबायचा नाही

मिल्या, मी घाबरलेय.

आधीच सांगून टाकते, नाहीतर तू नेहमीसारखा म्हणशील, "मुद्द्यावर ये, पार्लेकर." तर मुद्दा असा, की माझा डावा खांदा दुखतोय. तू गेलास त्याच्या आधीपासून दुखत होता, पण तेव्हा तो नुसता खांदा होता. आता तो डावा आहे, एवढंच मला सारखं आठवत राहतं. दुखणं कधी मानेपर्यंत चढतं, कधी कोपरापर्यंत उतरतं. कोणाला बोलले नाही. आईला सांगावं तर ती अठ्ठ्याहत्तरची, माझ्याआधी तिलाच दवाखान्यात न्यावं लागेल. एरवी असलं काही झालं की मी तुला फोन करायचे आणि तू दोन शिव्या घालून मला मोकळं करायचास. आता फोन कोणाला करू?

हे कुठे बसून लिहितेय ते सांगते, जरा दम धर.

तू कसा गेलास हे अजून लोक विचारतात. मी सांगते, ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. विम्याच्या कंपनीत बसून आयुष्यभर लोकांना "काका, चाळिशीनंतर तपासण्या करून घ्या हं" म्हणणारा माणूस. तुझ्या शेजारच्या टेबलावरचा तो गुजराती मुलगा तुमच्याकडे आला होता ना भेटायला, तो एकच वाक्य परत परत बोलत होता. "मॅडम, चाय भी गरम थी." तो चहा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही रे. तू गेलास ते मी पाहिलं नाही, पण तो चहा मला दिसतो.

आणि तेव्हापासून माझी एक वेगळीच वाट लागलीय. मला बास ऐकवत नाही. मी, म्हणजे बाबांची गाडी उभी राहायची त्या गॅरेजमध्ये स्टुडिओ थाटून वीस वर्षं लोकांची गाणी मिक्स करणारी बाई, आणि मला बास गिटार ऐकवत नाही! खर्ज कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो, हे तूच शिकवलंस मला. आता स्पीकरमधून खालचा सूर आला की छातीत धप्प होतं, आणि ते बाहेरून आलं की आतून, हेच मला कळेनासं होतं. मग हात आपोआप जातो आणि बासचा आवाज खाली ओढतो. थोडा खाली. अजून थोडा. एका मंडळाच्या पोरांचा फोन आला, "ताई, बास कापलात काय? आमच्या स्पीकरच्या भिंतीवर नुसता पत्र्याचा डबा वाजतोय." मी थाप मारली, स्पीकर दुरुस्तीला दिलेत म्हणून. झाकली मूठ. पण किती दिवस झाकणार? धंदा आहे हा माझा, आणि मला दुसरं काहीही येत नाही.

तुझ्या त्या तीन बायका आठवतायत का? म्हणजे बास गिटारी. तुझी खरी बायको सुजाता, तीच त्यांना तुझ्या बायका म्हणायची, मी नाही. एक हत्ती. पाच तारांची, बॅटरीवर चालणारी, उचलताना माणूस वाकेल इतकी जड. दुसरी नवरी. पांढरी, चकचकीत, भीमजयंतीच्या स्टेजवर दिव्यांखाली घालायची. आणि तिसरी म्हातारी. कुठल्याशा जुन्या बाजारातून आणलेली, हलकी, रंग उडालेली, जिच्या तारा तू कधी म्हणजे कधी बदलल्या नाहीस. "म्हातारीचे दात काढून नवीन बसवतात का गं?" म्हणायचास.

आपलं भांडणही त्यांच्यावरूनच. मी म्हणायचे, आवाज लाकडात असतो. जड लाकूड, जड आवाज. हत्तीचा सूर संपता संपत नाही, नवरीचा चावतो, म्हातारीचा गोड आणि जरा घोगरा. तू म्हणायचास, हट्, आवाज बोटांत असतो. "ढोलकी सुरू झाली, हार्मोनियम आली, कोरसच्या चार बायका आल्या, की तुझं लाकूड कुठे आणि काय! मिक्समध्ये कोणाच्या बापाला कळत नाही." मी म्हणायचे, "मला कळतं." आणि मग तू तो खेळ काढलास. घरी बसून एकच ओळ तीनही गिटारींवर वाजवायची, तीन फायली मला पाठवायच्या आणि नावं द्यायची भाज्यांची, म्हणजे मला आधी काही सुगावा लागायला नको. दोडका, पडवळ, कारलं. मी तिन्ही गाण्यात बसवून ऐकायचं, सगळ्यात छान बसेल ती ठेवायची, आणि कुठल्या भाजीत कुठली गिटार आहे ते फोन करून सांगायचं. उत्तर तुझ्या डोक्यात. हरेल त्याने मिसळ आणायची. मिसळ बहुतेक वेळा तूच आणलीस, हे तिथेही कबूल कर.

एकच नियम होता. सोलो दाबायचा नाही. सोलो म्हणजे बाकी सगळ्यांना गप्प करून एकच वाद्य ऐकायचं बटण, ते निषिद्ध. जे काय ऐकायचं ते सगळ्यांमध्ये मिसळून. "बासला एकटं ऐकणं म्हणजे आमटीतलं मीठ वेगळं काढून चाखणं," असं तू एकदा भर रेकॉर्डिंगमध्ये म्हणालास आणि कोरसच्या बायका तुला टाळ्या देऊन हसल्या. मी हा नियम इतकी वर्षं पाळला. बाकी तुझं एक ऐकलं नाही, पण हे ऐकलं.

आता खांद्याचं. तुझा खांदा दुखतो हे काय आम्हाला माहीत नव्हतं? सगळ्या जगाला माहीत होतं. बासवाल्याचा डावा खांदा दुखणारच, त्याच्यावरच तर पट्टा असतो. लाइनमधला जो तो तेच सांगतो. तीन तीन तास हत्ती गळ्यात घालून उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? तू खांदा चोळत यायचास आणि आम्ही हसायचो, "काय रे, हत्तीने लाथ मारली?" मीच तुला वाढदिवसाला तो रुंद, आतून गादी असलेला पट्टा आणून दिला. तू तो लावून स्टुडिओभर मिरवलास. दुखणं हाताकडे सरकलं तेव्हा तू म्हणालास, पट्ट्याने नस दाबली जाते. मी म्हटलं, हो रे, असेल. सुजाता तेल लावून द्यायची. तुमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरने विचारलं, काय करता? तू म्हणालास, गिटार वाजवतो. तो म्हणाला, मग वजन कमी करा, आणि दिली मलमाची ट्यूब. मी कोणाला दोष देत नाहीये. दुसरं काही वाजवत असतास, बासरी वाजवत असतास, तर कदाचित कोणीतरी दचकलं असतं. आमच्याकडे उत्तर आधीच तयार होतं, म्हणून कोणी प्रश्नच विचारला नाही.

भीतीवरून आठवलं. आरे कॉलनी! गोरेगावचा कार्यक्रम आटपून आपण तुझ्या स्कूटरवरून येत होतो, दिवेलागणीची वेळ, मागे मी आणि माझ्या पाठीवर तुझा हत्ती. आणि ऐन झाडीत स्कूटर बंद पडली. तू खाली बसून काहीतरी खटपट करतोयस, आणि बाजूच्या झुडपात सळसळ. बिबट्या! मला ओरडताही येईना. तू वर न बघता म्हणालास, "शुभे, मोज."

"काय मोजू?"

"मात्रा. घाबरला की गायक पळतो, ढोलकीवाला लय वाढवतो, बासवाला मोजतो. एक, दोन, तीन, चार. चल, मोठ्याने."

आणि मी मूर्खासारखी त्या जंगलात मोठमोठ्याने मोजत उभी राहिले. तिसऱ्या आवर्तनाला झुडपातून एक म्हैस निघाली. तबेल्यातली. आपल्याकडे तुच्छतेने बघून रस्ता ओलांडून गेली. तू रस्त्यावर बसून पोट धरधरून हसलास. "पार्लेकर घाबरले तरी शुद्ध मोजतात गं!" हा किस्सा तू निदान शंभर जणांना सांगितलास. पण मला एक विचारायचं राहिलं. तू "मोज" म्हणालास, तेव्हा तुला ठाऊक होतं का म्हैस आहे ते? की तूही मोजत होतास?

शेवटचं गाणं सुजाताचं. तुझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांची चाल धरून तिने बांधलेलं. विहारात म्हणायचं म्हणून. रविवारी तू बासच्या तीन फायली पाठवल्यास, दोडका, पडवळ, कारलं. मी संध्याकाळी ऐकल्या, अर्थात गाण्यात मिसळून, आणि तुला फोन लावला. अजून उत्तर नक्की नाही म्हटलं, पण कारलं भारी बसतंय. आणि दुसऱ्या कडव्यात तू थांबलायस ना, ते तर काय सुंदर! तिथे बास अचानक गायब होतो, आठ मात्रा काही नाही, नुसता सुजाताचा आवाज आणि ढोलकी, आणि मग नवव्या मात्रेला तू अलगद परत. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, "मिल्या, इतकी वर्षं तुला सांगतेय सगळीकडे भरून वाजवू नकोस, जागा सोड. आज सोडलीस!"

तू जरा वेळाने म्हणालास, "हो ना? जमलंय ना?"

"झकास जमलंय. उत्तर मंगळवारी सांगते."

मंगळवारी दुपारी सुजाताचा फोन आला.

जलदानाच्या विधीला तुमच्या घरी गेले. घाटकोपरचा तो चढ, त्या पायऱ्या. पायऱ्या चढताना धाप लागली तर तीही मला घाबरवून गेली. म्हटलं, ही धाप नेहमीची की नवी? घरात माणसं मावत नव्हती. तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या, आणि फोटोत तू नेमका नवरी गळ्यात घालून. सुजाता मला बाजूला घेऊन म्हणाली, "शुभाताई, ते गाणं करून द्या. पुण्यानुमोदनाला, त्याच्या आठवणीत सगळे जमतील तेव्हा लावायचंय. दुसरं कोणाचं नको, त्याचंच वाजलं पाहिजे."

मी हो म्हटलं. काय म्हणणार?

मग ते गाणं उघडायलाच मला आठवडा लागला. रोज सकाळी कॉम्प्युटर लावायचा, तुझ्या तीन भाज्यांची नावं बघायची आणि चहा करायला उठायचं. आई म्हणाली, "हल्ली किती चहा पितेस गं, पित्त होईल." शेवटी केलं मिक्स. कारलं घेतलं. पण छातीत धप्प झालं की हात खाली ओढतच होता. झाल्यावर सुजाताला बोलावलं.

काल दुपारी ती आली. खुर्चीत बसली, पदर घट्ट धरून. गाणं संपलं. मी तिच्याकडे बघेना.

"ताई," ती म्हणाली, "छान झालंय. पण ह्यात तो कुठेय?"

"आहे ना. खाली आहे. बास मागेच असतो."

"मला नका सांगू. बावीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलाय मी त्याला. स्वयंपाकघरात फरशीतून पायांना लागायचा. हा नाहीये ह्यात." आणि मग हळूच, "तुम्हाला भीती वाटते का त्याची?"

मी रडले. सरळ सांगितलं, हो, वाटते. मला बास ऐकला की छातीत काहीतरी होतं. ती म्हणाली, मग नुसता त्यालाच ऐकूया. दोघी बसून. मी म्हटलं, तो नियम आहे, सोलो दाबायचा नाही. ती म्हणाली, "नियम करणारा कुठेय?"

दाबला, मिल्या. सोलो दाबला.

बास वायरीतून येतो, समोर माइक नसतो, म्हणून तुझा श्वास नाही, खोकला नाही, काही नाही. फक्त बोटं. कारलं ऐकलं. तिसऱ्या तारेवर, सातव्या पट्टीशी, एक बारीक खर्र झाली. म्हातारीची खर्र. ती मला झोपेत ओळखता येते, कित्येक वेळा ती पुसत बसलेय मी. म्हटलं, चला, कारलं म्हणजे म्हातारी. उत्तर मिळालं, आणि सांगायला कोणी नाही. मग पडवळ लावलं. ते मला हत्ती वाटलं होतं, इतकं जाड, गोल. तिथेही सातव्या पट्टीशी खर्र. तसं बघितलं तर हत्तीवर शेवटच्या ओळीला तू पाचव्या तारेवर खाली उतरल्याशिवाय कधी राहिलास का? पडवळात तू उतरलाच नाहीस. दोडका लावला. धारदार, चावरा. नवरीच, पैज लावायला मी तयार होते. बोटांऐवजी प्लेक्ट्रमच्या चकतीने, तारांच्या टोकाशी वाजवलेली म्हातारी होती ती. खर्र.

तिन्ही म्हातारी. तू हत्ती उचललाच नाहीस. नवरीही नाही.

सुजाता माझ्याकडे बघत होती. मी तिला विचारलं, बाकीच्या दोन गिटारी कुठे आहेत? ती म्हणाली, माळ्यावर. जयंतीचे कार्यक्रम संपले तेव्हा शेजारच्या पोरांना हाक मारून त्याने दोन्ही पेट्या वर टाकायला लावल्या. आता त्यांच्यावर गाद्या रचल्यात. "मी म्हटलं, का रे? तर म्हणाला, उचलवत नाही. लगेच म्हणाला, शुभाला बोलू नकोस हं, ती बसेल डोकं खात, डॉक्टरकडे चल म्हणून."

अरे गाढवा! खाल्लं असतं की डोकं! माझं डोकं खाणं तुला भारी पडलं असतं का? मला इतका राग आला, की मी त्या कॉम्प्युटरवर ओरडले. सुजाता घाबरली. लाकूड-बोटं, लाकूड-बोटं करत इतकी वर्षं भांडलो, आणि तू एकाच गिटारीच्या तीन करून माझ्या नाकावर टिच्चून जिंकलास. बोटांतच असतो रे आवाज, मान्य. हरले. मिसळ आणते. पण असं जिंकायचं असतं का?

आणि मग ती जागा आली. कारल्याचं दुसरं कडवं, सगळे गप्प, फक्त तू. मधेच एक सूर अर्धवट राहतो. गाण्यात मिसळून ऐकताना तो मुद्दाम सोडलाय असं वाटतं. एकटा ऐकला तर तो सोडलेला नाहीये. बोट तारेवरून घसरलंय. मग आठ मात्रा काही नाही. मग परत सूर, हलका, पण बरोब्बर जागेवर, केसाइतकाही इकडे-तिकडे नाही.

मला माहीत नाही तिथे काय झालं. कुकरची शिट्टी झाली असेल. दाराची बेल वाजली असेल. सुजाताला आठवत नाही, ती रविवारी बाजारात गेली होती. तू सांगणार नाहीस. पण मला वाटतं ते मी तुला सांगते. मला वाटतं तिथे तुला कळ आली. आणि तू म्हातारी मांडीवर धरून, एकटा, घरात कोणी नसताना, मोजत बसलास. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. आणि परत वाजवायला लागलास. संध्याकाळी मी फोनवर म्हटलं, किती सुंदर जागा सोडलीस. आणि तू म्हणालास, जमलंय ना?

घाबरला होतास ना रे? नुसतं "हो" म्हणाला असतास.

आईने येऊन दिवा लावला आणि गेली. सुजाता एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही खांदा का चोळताय?"

मी हात काढला. मला कळलंही नव्हतं. "काही नाही गं. डावखुरी ना मी, दिवसभर माउस डाव्या हातात. त्यानेच."

हे बोलले आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं. पट्ट्याने नस दाबली जाते. वजन कमी करा. हत्तीने लाथ मारली. सुजाता उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आजवर कधी मला अरे-तुरे न केलेली बाई म्हणाली, "शुभा, किती दिवस?"

"बरेच."

"कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"आता मला सांग. नीट. पहिल्यापासून."

सांगितलं. कोपरापर्यंत उतरतं ते, पायऱ्यांवरची धाप, रात्री कुशीवर न झोपणं, सगळं. सांगताना मला वाटत होतं, बोलले की ते खरं होईल. आई म्हणते तसं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. ती म्हणाली, "नसेल काही तर नसेल. उद्या सकाळी जायचं. मी येते न्यायला." मी म्हटलं, आधी गाणं पूर्ण करते, रविवारी पुण्यानुमोदन आहे, सोमवारी बघू. त्यावर ती माझ्यावर अशी ओरडली, मिल्या, की तू ऐकायला हवा होतास. "तोही कार्यक्रम झाला की बघू म्हणायचा!"

पण गाणं काल पूर्ण केलंच, ती बसलेली असताना. एक हात तिने धरला होता, दुसऱ्या हाताने मी कारल्याचा आवाज वर नेला. छातीत धप्प झालं. अजून वर नेला. भीती वाटत होती, पण हात ओढू दिला नाही तिने. खर्र पुसली नाही. राहिली ती आठ मात्रांची जागा. पडवळातून तेवढा तुकडा उचलून तिथे चिकटवला असता तर कोणाला कळलंही नसतं, मिनिटाभराचं काम. मी विचारलं, "भरू?" सुजाताने पायातली चप्पल काढली, फरशीवर पाय टेकवले, डोळे मिटून ते कडवं परत ऐकलं आणि म्हणाली, "नको. तो मोजतोय तिथे. मोजू दे."

तर आता सांगते कुठे बसलेय. घाटकोपरला, हॉस्पिटलच्या बाहेरच्या हॉलमध्ये, लोखंडी बाकावर. सुजाता शेजारी आहे. आईला खोटं सांगितलं, रेकॉर्डिंग आहे म्हणून. समोरच्या दारामागे ती ईसीजीची पट्टी काढतात, छातीला वायरी लावून. हसू आलं मला. म्हणजे माइक नाही, वायर. सोलोच की. बाकी सगळं बंद करून एकालाच ऐकणार. काय निघेल मला माहीत नाही. समोरचा म्हातारा माणूस माझ्याकडे बघून आपलं पाणी पुढे करतोय, म्हणजे भीती तोंडावर दिसत असणार. तुला राग येऊ दे, पण एक मनात येतंच. ह्याच बाकावर तू बसायला हवा होतास, आणि मी शेजारी, तुझं डोकं खात.

माझं नाव पुकारलंय. सुजाता मोबाइल मागतेय, आत नेता येत नाही म्हणे. मिल्या, भीती काही गेली नाही, गेली म्हणून तुला खोटं कशाला सांगू? पण मोजायला लागलेय. एक, दोन, तीन, चार. उठले बघ.